पिपा

आम्ही पाचजणी मिळून तेलाचा एक पिपा आणतो,
दर दीड महिन्याला, तालुक्याहून, मुंधड्याच्या दुकानातून.
पंधरा किलो, एकवीसशे रुपये.
गावात सुटं घेतलं तर एकशेसाठ,
असं आणलं तर एकशेचाळीस पडते.
किलोमागे वीस, एकीच्या वाट्याचे साठ.
हा हिशेब मी शाळेत खिचडीच्या चुलीमागच्या भिंतीवर
कोळशानं केला होता.
हेडमास्तरांनी भिंत रंगवली,
तेवढा तुकडा सोडून.

एसटीत कंडक्टर म्हणतो, पिप्याचं तिकीट काढा.
दुर्पता पिपा मांडीवर घेते, वरून पदर टाकते.
'लेकरू हाय माह्यं. पाच वर्षाच्या आतलं.'
'तोंड दाखव बरं.'
'झोपलं हाय, बाप्पा.'
उन्हानं पत्रा तापलेला असतो,
उतरताना तिच्या मांडीवर लाल चौकोन.

वाटणी नसीमभाभीच्या ओसरीत.
माप म्हणजे तिच्या सासूचा पितळी गडवा,
एकीला तीन, मग पळीनं सारखं करायचं.
आपल्या बरणीकडं कोणीच पाहत नाही,
सगळ्यांचे डोळे शेजारणीच्या बरणीत.
पिपा रिकामा झाला की विटेवर तिरका लावतो,
खाली वाटी.
रात्रभरात अर्धी भरते.
ती वाटी नंबरानं.
नंबर इंदू उईकेच्या ध्यानात असतात,
तिला लिहिता येत नाही, म्हणून चुकत नाहीत.

माझी पोर सातवीत आहे.
ती पाकिटामागचं बारीक अक्षर वाचते.
'आई, बिस्किटाचे दहा रुपये तेच,
पण ग्रॅम कमी झाले.'
पाकीट मात्र होतं तेवढंच फुगलेलं.
आतली हवा काय भावानं दिली, तिनं भर दुकानात विचारलं.
मुंधड्यानं तिच्या हातावर एक गोळी ठेवली
अन् पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

घरचे म्हणतात,
वर्षाचे चारशेऐंशी वाचतात ना तुझे?
मग आहेत कुठं?
मी डबे उघडून दाखवते.
तुरीची चुरी, सुटा चहा, किलोवरचा साबण-चुरा,
बाजार उठता उठता घेतलेला वांग्यांचा वाटा,
बांधावरची अंबाडी, तिचे तर पैसेच नाहीत.
ते म्हणतात, हे सामान झालं. पैसे दाखव.
आता न झालेला खर्च
कोणत्या डब्यात ठेवतात?
गेला असेल वहीच्या कव्हरात,
गॅसच्या नळीत, पावण्यांच्या दुसऱ्या चहात.
खरं सांगायचं तर मलाही तो कधी दिसला नाही.

दुर्पताला दिसायचा.
ती प्रत्येक पिप्यामागं साठ म्हणजे साठ
चुरीच्या डब्यात, तळाशी, दाबून ठेवायची.
तिच्या घरी दोन पोरं, एक सून, नवरा,
दमेकरी दीर अन् त्याचं कुत्रं.

या शुक्रवारी वाटणी चालू असताना,
हातातली पळी न थांबवता ती बोलली,
'मी काजू आणले व्हते. पावभर.
बाजारातून येता येता बाभळीखाली बसली
अन् खाल्ले. एकटीनं.
घरी कागदबी नाई नेला.'

तेलाची धार पळीतून बरणीत पडत राहिली.
पंचफुलाबाई, जी नातवाला अंड्याचा भाव सांगूनच अंडं देते,
तिच्या तोंडून फक्त 'पावभर?' निघालं.
मी ओसरीच्या खांबाकडं पाहिलं.
मला माझाच राग येत होता, का, ते कळेना.
पाव किलोत किती येतात, हेही मी मनात मोजत होते.

शेवटी नसीमभाभीनं विचारलं,
'खारे का साधे?'
'साधे,' दुर्पता म्हणाली.
'खाऱ्याले तीस रुपये जास्ती लागत व्हते.'

'कोणत्या दुकानातून?' इंदूनं विचारलं.