टाकीचं पाणी

ऑगस्टात रुवीमध्ये गार पाण्याचा नळ
पहाटे पाचलाही पोळतो.
गच्चीवरची टाकी रात्रभर तापलेलीच.
सगळी बिल्डिंग त्यावरून बोंब मारते.
मी नाही.

मी दोन्ही हात नळाखाली धरते.
बोटं आधी खारका,
मग हळूहळू माझी.
अनामिका सगळ्यात शेवटी, कट् करून सुटते,
गंजल्या कडीसारखी.

रोज एक पिवळी गोळी. अजून तीन वर्षं, दोन महिने.
तिच्याशी भांडायचं नाही, असं ठरलंय.
जे परत यायला नको
त्याच्या वाटेत बसलीय ती.

कणीक आता हेरंब मळतो. सैल.
मग वर पीठ थापत बसतो.

खालच्या दुकानातला शमीर
लबानच्या बाटलीचं झाकण
पिशवीत टाकण्याआधी अर्धं फिरवून ठेवतो.
मी कधी सांगितलं नव्हतं.
कधी पाहिले असतील त्यानं माझे हात,
सुटे पैसे मोजताना?

डिसेंबरात टाकी गार पडेल.
तेव्हाचं तेव्हा.
आज, एका बाजूला कापूस भरलेल्या
ब्रेसियरचा हूक
तिसऱ्या खेपेला लागला,
आणि घड्याळात
साडेपाचच वाजले होते.