अर्थ लागत नाही

कुपवाड एमआयडीसीत, वजनकाट्याच्या मागं माझा पत्रा.
त्याखाली सकाळपासून आवटी बाईंची ऑटोमॅटिक
बॉनेट उघडं टाकून उभी.
अंकलीच्या पुलापर्यंत शहाण्यासारखी येते, म्हणाल्या,
मग एक हिसका,
आणि पुढं सगळा रस्ता तिसऱ्यातच
लंगडी घालत.

कोल्हापुरात एकानं सांगितलंय, गिअरबॉक्स बदला.
एक लाख ऐंशी हजार, जुना तो ठेवून घेणार.
बाईंचा डावा गुडघा वाकत नाही.
क्लच नको म्हणून तर घेतली हो ही,
त्या मला समजावत होत्या,
जशी चूक त्यांनीच केली.

स्कॅनर लावला. तीन कोड.
सोलेनॉइड ए, सोलेनॉइड बी, स्पीड सेन्सर.
समीउल्ला लगेच म्हणाला, उस्ताद, बॉक्स गेला.
दम धर, म्हटलं.
एका घरात तिघं एकदम आजारी पडले
तर तिघांच्या नाड्या बघत बसू नये,
आधी माठातलं पाणी बघावं.

खाली शिरलो. प्लग काढून मीटर टेकवला.
बारा पूर्णांक चार ओहम. दुसरं बारा पूर्णांक सहा.
ठणठणीत.
तेल हुंगलं, जळकट नाही.
म्हणजे बॉक्सच्या अंगात जोर आहे,
निरोपच नीट पोचत नाही.

मग इंजिन चालू, दिवे चालू, एसी चालू,
गाडीला जरा घाम फोडला.
मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर,
दुसरी गिअरच्या कॉम्प्युटरच्या काळ्या वायरीवर.
दोन्ही एकच जागा असायला पाहिजे.
आकडा शून्य, फार तर शून्याचा शेजारी.
एक पूर्णांक नऊ.
वायर हलवली.
दोन पूर्णांक तीन.

अर्थ लागत नाही, म्हणालो.
बाई स्टुलावरून म्हणाल्या, कशाचा?

काळी वायर धरून मागं मागं गेलो.
डॅशबोर्डखालून, दाराच्या पट्टीखालून,
डाव्या सीटचे चार नट, सीट बाहेर,
मग कार्पेट.
कार्पेट नवं होतं. गाडीपेक्षा नवं.
त्याखाली बोल्ट, बोल्टात वायरीचं कडं,
कड्यावर मोरचुदासारखी हिरवी पूड
आणि पत्र्याच्या खाचेत वाळलेला गाळ.

बोटावर घेतला.
हा माझ्या ओळखीचा.
मारुती चौकातलं दुकान होतं तेव्हा
पूर उतरल्यावर आठ दिवस मी हाच खरवडत होतो,
आर्मेचरच्या तारांतून, उधारीच्या वहीतून,
अब्बांच्या फोटोच्या काचेमागून.
वाळला की पिठासारखा होतो,
वास तेवढा राहतो.

गाडी कुठली, बाई?
पुण्याची. सिंगल ओनर. एजंट म्हणाला,
हिनं पूर बघितलाच नाही.
समीउल्ला माझ्याकडं बघायला लागला,
मी कड्याकडं.

पॉलिश पेपरनं पत्रा घासला, चांदीसारखा निघेपर्यंत.
नवं कडं, नवा बोल्ट, वर ग्रीस.
मीटर: शून्य पूर्णांक शून्य तीन.
अंकलीचा पूल ओलांडून परत आलो.
पहिला, दुसरा, तिसरा, चौथा,
कधी पडले ते पायाला कळलंसुद्धा नाही.

जुनं कडं पुडीत बांधत होतो,
बाईंनी हात पुढं केला.
तळव्यावर घेतलं. नाकाजवळ नेलं.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाल्या, आमचं घर गावभागात आहे.

एवढंच. एजंटाचं नाव त्यांनी काढलं नाही,
मीही विचारलं नाही.
पावतीवर लिहिलं, अर्थ साफ केला, आठशे रुपये.
बाईंनी ती वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली.
असे आणखी किती बोल्ट आहेत हिच्यात?
अकरा, म्हणालो.
त्यांनी डावा पाय सरळ करून
जॅकच्या खोक्यावर ठेवला.

काढा कार्पेट.