मंगळवार, उणे अकरा

सगळ्यात मागे मी चालते.
पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी, काम मोजायचं.
चर्चच्या आवारातून निघालो तेव्हा नऊ.
हातमोज्याच्या आत पेरांवर मोजलेले नऊ,
त्यांत मिळून चार गुडघे आणि दोन खुबे कारखान्यातले.

पुढे औलिस, नकाशा धरून.
बारा वर्षं हीच वाट, तळ्याच्या कडेकडेनं,
तरी दर वळणावर तो नकाशाला विचारतो.
त्याच्यामागे तेर्त्तु आणि तिच्या शेजाऱ्याच्या लाकडांचं भांडण,
गेल्या मंगळवारी जिथे थांबलं होतं तिथून पुढे.

बुटांखाली काट्यांच्या पट्ट्या, कचकच कचकच.
लव्हाळ्यांवर दहिवर इतकं दाट
की पातं वाकवलं तर मोडतं, आवाज करून.
पापण्या पांढऱ्या. भुवयाही,
पण त्या काय, आधीपासूनच होत्या.

तैस्तोनं श्रवणयंत्रं काढून आतल्या खिशात ठेवली आहेत.
थंडीत बॅटऱ्या मरतात, टोपीखाली शिट्ट्या मारतात,
त्यापेक्षा पोटाशी ऊब घेत पडू देत, म्हणतो.

आणि तळं बोललं.

पलीकडच्या काठापासून आपल्या पायांपर्यंत
कुणीतरी पोलादी दोर ताणावा
आणि त्यावर एकदाच हातोडी मारावी, तसं.
मग खाली, खूप खाली, एक लांबत गेलेलं हूं.
आठही जण जागच्या जागी.
तेर्त्तुचं वाक्य सुद्धा अर्ध्यावर उभं राहिलं,
हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तैस्तो तेवढा चालत राहिला, सहा-सात पावलं.
मग वळला, आमचे चेहरे बघितले.
"काय झालं?"

तेर्त्तु त्याच्या टोपीत ओरडली. त्यानं मान हलवली.
औलिसनं काठीनं बर्फावर लिहिलं: तळं.
तैस्तोनं वाचलं, तळ्याकडे पाहिलं,
तळं दिसतंच आहे की, असं पाहिलं.

मग एकदम कळलं त्याला.
होड्यांच्या धक्क्यावरून खाली उतरायला लागला.
मी शिट्टी वाजवली. जोरात. दोनदा.
बारा वर्षांत पहिल्यांदा वाजवली, तीही कुणासाठी.

तीन हप्त्यांत त्यानं गुडघे टेकले.
काठी त्याची घरी तासलेली, टोकाला खिळा.
खिळा बर्फावर ठेवला, दुसरं टोक दातांत धरलं,
डोळे मिटले.
चौतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत
लांब स्क्रूड्रायव्हर दातांत धरून
हा लोखंडाचं दुखणं ऐकायचा.
कानांत प्राण आणून ऐकावं म्हणतात.
कान गेले की प्राण दुसरीकडे न्यायचा, एवढंच.

तळं गप्प.
बोलाव म्हटलं की न बोलणाऱ्या पोरासारखं.
थर्मासमधला बेरीचा रस निवला.
काळा पाव चावता येईना.
सूर्य बर्चच्या कमरेशी, आणि उतरतोय.
कुणीतरी म्हणालं, चला आता, त्याचे गुडघे.
कुणीच हाललं नाही.

मग आलं. या वेळी आधी तळव्यांना कळलं.
तैस्तोचे खांदे वर झाले,
काठीभोवतीचे ओठ लांबले, आणि तसेच राहिले,
आम्हांला ऐकू यायचं थांबल्यावरही
कितीतरी वेळ.

उठवायला दोघं लागले.
काठी तोंडातून काढून तो म्हणाला,
जरा मोठ्यानंच, बहिऱ्यांच्या आवाजात:
"पलीकडचं बेअरिंग गेलंय.
पण वसंतापर्यंत चालेल."

परतीच्या बसमध्ये मी मोजलं. नऊ.
समोरच्या कप्प्यात काठ्या एकमेकींवर रेललेल्या,
त्यांच्याखाली पाण्याचं थारोळं.
तैस्तोच्या काठीवर दातांच्या खुणा, खोल, वाकड्यातिकड्या.
आणि शेजारी
तेर्त्तुच्या काठीच्या बुचाच्या मुठीवर सुद्धा,
लहान, एका ओळीत,
कवळीचे उमटतात तशा.

हे कधी केलं हिनं?
मी तर सगळ्यात मागे होते.