वजाबाकी

निपाणीत उतरलं की प्रश्नावली आधी नाकच भरू लागतं.
रकाना अकरा: गरोदरपणी तंबाखूशी संपर्क, हो की नाही.
अक्काताई हसली.
"वखारीत बसून इचारतायसा व्हय?
चाळणीतनं भुकटी उडत्या, ती काय पोटातल्याला चुकवून जात्या?"
मी 'हो'वर खूण केली.

बंगळूरचे सर म्हणतात, तंबाखू वजा करा.
मग उत्पन्न वजा करा, आईचं शिक्षण, बाळाचं जन्माचं वजन.
शेवटी जे उरेल
ते गोळीचं.

पाचव्यात पोतं उचलताना कंबर गेली.
कंपाउंडरनं कागदाच्या पुडीत दिल्या, पांढऱ्या.
"आधी दिसाला दोन, मग चार.
न्हाई घेतली की हाडात मुंग्या उठायच्या."
गोळीचं नाव?
"नाव कोन सांगतंय बाई. खाल्ली की दुखायचं थांबायचं."
किती दिवस?
"चिंचलीच्या जत्रंपासनं ही हुईस्तोवर."
मी लिहिलं, अंदाजे सतरा आठवडे.
जन्मल्यावर तीन दिवस पोर थरथरत होती,
शिंकत होती, रडणं कसं तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं.
सासूनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.
त्यासाठी रकाना आहे. मोहऱ्यांसाठी नाही.

मायाक्का आता सहा वर्षांची.
ठोकळ्यांचा मनोरा छान रचते, जीभ बाहेर काढून.
चार, सात, दोन. उलटं म्हण.
"दोन, सात..." आणि हायवेवर ट्रकचा हॉर्न,
अख्खी पोर दचकून उठते,
चार कुठं गेला ते तिलाही सापडत नाही.
चित्र दाखवते: हे काय?
"नायी."
शाळा कन्नड, घर मराठी, शिव्या दोन्हीकडच्या.
उत्तरपत्रिकेवर मात्र 'कुत्रा' एवढंच छापलंय.
मी गुण दिला. सरांना सांगितलेलं नाही.

घंटी वाजेपर्यंत पेपरमिंट खायची नाही.
सव्विसाव्या सेकंदाला खाल्ली.
"नापास?" अक्काताईनं दारातून विचारलं.
यात पास-नापास नसतं, हे वाक्य
मला दोन्ही भाषांत पाठ आहे.

माझी मुलगी तुलनेच्या गटात आहे.
मी कधी तसली गोळी पाहिलीही नव्हती.
तिनं एकोणिसाव्या सेकंदाला खाल्ली.
एकट्या मुलाचा आकडा काही सांगत नाही,
चारशे मुलं झाली की मग बोलू, असं सर म्हणाले.
हे अक्काताईला सांगता आलं असतं.
तिला बरं वाटलं असतं,
आणि ते बरं वाटणं खरं आहे की नाही
ते अजून आम्हालाच ठाऊक नाही.
मी पेपरमिंटचा कागद उचलला.

बेळगावात मशीनच्या बोगद्यात
मायाक्का बावीस मिनिटं निजली,
कानात कापूस, आईच्या मुठीत तिचा अंगठा.
दोनदा हलली. तिसऱ्यांदा जमलं.
फोटो देत नाही आम्ही, नियम आहे.
पण पडद्यासमोर अक्काताई उभीच राहिली.
"ह्यो तर फ्लावरचा गड्डा."
मग बोट न टेकवता, काचेपासून जरा लांब धरून,
"ह्यात ती गोळी कुठं हाय?"

तंत्रज्ञानं माझ्याकडं पाहिलं.
मी म्हणाले, तेच शोधतोय.
"सापडली तर काढता येत्या?"

नाही म्हणायला मला जेवढा वेळ लागला
तो कुणी मोजला नाही.

परतीच्या बसमध्ये वंटमुरीचा घाट.
ड्रायव्हर प्रत्येक वळणावर हॉर्न देतोय.
अक्काताईनं दोन्ही हातांनी पोरीचे कान झाकलेत,
त्यामुळं तिकिटाचे पैसे मला काढावे लागले
तिच्या कमरेच्या पिशवीतून.
पिशवीत चुना, चिल्लर,
आमच्या संमतीपत्राची घडी,
आणि तंबाखूचा तोच वास,
जो मला घरी जाऊन वजा करायचाय.