मालकाकडे पाहू नका

लोरियाँच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
दर मंगळवारी सहाला आम्ही लहान मुलांच्या खुर्च्या बळकावतो.
गुडघे हनुवटीला लागतात.
ओदिल बाई फळ्यावर तीन शब्द लिहितात, मों, मा, मे,
आणि खाली एक ओळ, दोनदा अधोरेखित:
वस्तूकडे पाहा. मालकाकडे पाहू नका.

अडतीस वर्षं त्यांनी या गावात टपाल वाटलं.
तेव्हा नेमकं उलटं होतं, म्हणतात,
आत काय आहे ते बघायचं नाही,
नाव तेवढं वाचायचं, अन् फाटकाशी कुत्रं आहे का ते.
हसतात. खोकतात. बाहीनेच फळा पुसतात.

तर घर इथे बाई. मा मेझों.
माझ्याकडे ते ना तो ना ती, माझं घर,
डोक्यावर टिंब घेऊन गप्प उभं.
आणि समुद्र, जो मी जन्मभर पुरुष समजत आले,
तो खिडकीबाहेर ओहोटीला निघालाय.
निघालीय.

तेस्फालेम थेट गोदीवरून येतो.
रात्री दोनपासून माशांच्या पेट्या, मग लिलाव, मग पुन्हा पेट्या.
हात वर करून तो म्हणतो: मों दो. माझी पाठ. दुखते.
पाठ इथे पुरुष, तेवढं त्याला जमलंय.
तरी बाई मान हलवतात.
दुखणं सांगताना 'माझी' लावायचं नाही. नुसती पाठ.
दुसऱ्याची पाठ कधी कुणाला दुखते का?
तो जरा विचार करतो.
मुकादमाला विचारतो, म्हणतो,
त्याला ती त्याचीच वाटते.

मग अपवाद. अपवादाशिवाय बाईंना घास उतरत नाही.
बाईच्या जातीचा शब्द स्वराने सुरू झाला
तर त्याच्या अंगावर पुरुषाचा कोट चढवायचा,
नाहीतर दोन स्वर दारातच एकमेकांवर आपटतात.
मोनामी, माझी मैत्रीण.
मोनाद्रेस, माझा पत्ता.
तेस्फालेमने वर्षात पाच पत्ते बदलले.
कोट, तो सांगतो, तोच आहे.

हालिना कपाटाला टेकून बसते, कमी बोलते.
आज तिचं वाक्य: एल गार्द सा क्ले.
ती किल्ली जपून ठेवते.
कुणाची? बाई विचारतात. तिची, की त्याची?
'सा' दोघांनाही चालतं. 'सा' फक्त किल्लीकडे बघतं.
व्याकरण विचारत नाही ना, हालिना म्हणते,
मग राहू दे.

मी वहीत मराठी अर्थ लिहायला घेते आणि अडते.
माझी भाषा असं सोडत नाही कुणाला.
'त्याची' लिहिलं, तर एक माणूस येऊन उंबऱ्याशी उभा राहतो.
'तिची' लिहिलं, तर तो जातो,
आणि त्याला घालवणारी मी.
खोडते. 'आपली' लिहून बघते.
हालिना खांद्यावरून डोकावते. हे काय?
मी जमेल तसं सांगते: जो वाक्यात आहे, त्याचीच. दुसऱ्या कुणाची नाही.
स्विय, ती म्हणते. आमच्यातही आहे. इथे नाही.
स्विय.
आमच्याकडे, मला सांगायचं असतं,
हा शब्द मंत्र्यांच्या सहाय्यकापुढे लावतात;
पण एवढं फ्रेंच मला अजून येत नाही,
म्हणून मी नुसती हसते, आणि ती का हसतेस विचारत नाही.

आठ वाजतात. बाई दिव्याच्या बटणाशी.
खुर्च्या जागेवर लावा, म्हणतात, नोत्र साल आहे ही.
नोत्र.
आमची, की आपली?
त्यांच्या भाषेत हा प्रश्नच नाही,
म्हणून विचारायची सोयही नाही.
तेस्फालेम वाकून खुर्चीत खुर्ची अडकवतो, सहा, सात,
मग कमरेवर हात ठेवून थांबतो.
पाठ, म्हणतो. नुसती पाठ.
बरोबर, बाई म्हणतात, अगदी बरोबर.
मी चळतीची दुसरी बाजू धरते.