वॉलपेपरची मागची बाजू

आई कारखान्यात आधी घड्याळं जुळवायची,
मग कम्प्युटर जुळवू लागली. हात तेच, पगारही तोच.
एक खोका तिनं हप्त्यावर घरी आणला.
म्हणाली, ही रबरी बटणं
मी तरी लावलीत, नाहीतर खालच्या एल्स्पेथनं.

डंडीतला हिवाळा. साडेतीनलाच काळोख.
कॅसेट पाच मिनिटं किंचाळायची,
टीव्हीच्या कडांवर रंगीत पट्टे धावायचे
आणि स्ट्रुअन मला खोकूही द्यायचा नाही,
टेप बिथरेल म्हणून.
मग अक्षरं:
तू विहिरीपाशी आहेस. पूर्वेला वाट.
इथे एक कंदील आहे.

चित्र एकही नाही.
तरी ती विहीर मी कुठेही ओळखेन,
तिच्या काठाला शेवाळ होतं.
ते कुणीच लिहिलं नव्हतं.

दोनच शब्द कळायचे त्या खोक्याला.
कंदील घे. दार उघड.
तागाची गिरणी बंद झाल्यापासून
बाबाही तेवढंच बोलायचे.
चहा दे. दार लाव.
जास्त काही विचारलं
तर दोघांचं उत्तर एकच:
कळलं नाही.

उरलेल्या वॉलपेपरच्या पाठीवर
स्ट्रुअन नकाशा काढायचा. चौकोन, रेघ, चौकोन.
पुलाखालच्या खोलीत आम्ही हमखास मरायचो.
कंदील मंद होतोय, असं पडद्यावर यायचं
आणि नेमकं मीटरमधलं नाणं संपायचं.
खेळ, हीटर, आईची इस्त्री,
खटकन सगळंच गप्प.
अंधारात कुणीतरी म्हणायचं, उत्तरेला जा,
आणि आम्ही हसत सुटायचो.
बाबाही, एकदा.

परवा घर रिकामं करताना
स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा कागद सोलला.
बाबांनीच चिकटवला होता, एका रविवारी, मुकाट्यानं.
वाफेनं सुटलेल्या पट्टीच्या मागे
पेन्सिलीचे चौकोन, खळीनं पिवळे पडलेले.
पुलाखालच्या खोलीत स्ट्रुअनचं प्रश्नचिन्ह.
त्याच्या शेजारी तिसरंच अक्षर,
गिरणीच्या हजेरीवहीतलं, तिरकं, ठसठशीत:
दोर बांध.

टोरांटोला फोन लावला. तिकडे पहाटेचे चार.
स्ट्रुअन बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला.
मग म्हणाला,
दोर होता गं आपल्याकडे.
पहिल्या खोलीपासून होता.