आतली कड

यार्को तोलोनेनच्या स्केट्सना
मी चौदा हंगाम धार लावली.
माणूस कसा खेळतो ते लोक बाकांवरून बघतात,
मला पात्यावरून कळायचं.
पुढे धावणाऱ्यांचं पातं टोकाशी झिजतं,
याची आतली कड मरायची,
दोन्ही पायांची, रोज,
कारण हा मागे जायचा.

सोळाव्या वर्षी कायानीच्या रिंकवर आला
तेव्हा पायात चुलतभावाचे दोन नंबर मोठे स्केट्स
आणि तोंडात सगळे दात.
कोच रुओत्सालाइनेन त्याला एवढंच म्हणाला:
पककडे बघू नकोस, पक फसवतो,
स्टिक फसवते, डोळे तर असतातच त्यासाठी.
छातीकडे बघ.
छाती जाईल तिकडेच माणूस जातो.

मग वीस वर्षं हा लोकांच्या छात्या बघत
उलटा सरकत राहिला.
मागे जाणाऱ्याला भित्रा म्हणायची रीत आहे,
पण पाठ त्याने दाखवली ती फक्त आपल्या गोलीला.
आणि गोलीला त्या पाठीवरचा सत्तावीस
घराच्या दारावरच्या पाटीसारखा पाठ होता.

मधली सहा वर्षं माझ्याकडे नव्हता.
राउमा, मग स्लोव्हाकियातलं एक गाव
जिथे पगारापेक्षा वसंत आधी यायचा,
मग अमेरिका. मोठ्या संघात अकरा सामने.
अकरा.
तिथली जर्सी त्याच्या बापाने काचेत लावली नाही,
सॉनाबाहेरच्या खुंटीला टांगली,
अंग पुसायला बरी म्हणून.
मला तिकडून एकच पत्र आलं, तेही दोन ओळींचं:
इथला माणूस फार खोल धार लावतो.
बर्फ पाय सोडत नाही.

परतला तेव्हा पाती परक्या हातांची झाली होती.
तीन रात्री लागल्या मला
त्यांना वळणावर आणायला.

घोट्याचं हाड मोडलं त्या दिवशी
बूट काढू देईना. काढला तर पाय फुगेल,
परत जायचा नाही, म्हणाला.
तिसरा पिरियड तसाच.
नंतर कात्रीने कापला मी तो बूट.
चांगला बूट होता.

आणि तो एप्रिल.
सातवा सामना, बरोबरी, चार मिनिटं उरलेली.
कुणाचा तरी साधाच पास, गोलसमोरून आडवा,
याने पाय घातला, जसा हजारदा घातला होता,
पक आतल्या कडेला लागला
आणि आपल्याच जाळ्यात गेला.
आवाजही झाला नाही. निदान मला आला नाही.
त्या कडेला सकाळी मीच दगड फिरवला होता.

खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.
तो माझ्यासमोर आला, स्केट्स टेबलावर ठेवले,
म्हणाला, धार चांगली होती.
एवढंच, आणि आंघोळीला गेला.
मी बराच वेळ फडकं घेऊन
कोरडीच पाती पुसत बसलो.

आठशे तेरा सामने, एकतीस गोल.
बत्तिसावा धरायचा की नाही, यावर आम्ही
अजून कॉफी पिताना वाद घालतो.
तो म्हणतो धर, तो तर सगळ्यात नेमका होता.

आता लाकडाचा ट्रक चालवतो.
गिरणीतली माणसं सांगतात, ट्रेलर रिव्हर्स घ्यायचा असला
की सगळे यार्कोला बोलावतात.

काल फेब्रुवारीतली उणे सव्वीस थंडी,
आणि हा दुकानात आला, पोरीचे स्केट्स घेऊन.
विल्या, नऊ वर्षांची, दारातच उभी,
नाक लाल, हातमोजे दातात धरलेले.
मी पातं उलटं करून दिव्याखाली धरलं.
टोकाशी झिजलेलं.
दोघांनी बघितलं. कोणी काही बोललं नाही.

मग तो म्हणाला,
फार खोल नको लावूस.